पंधरापैकी चौदा

"मॅडम, निबंधाला पंधरापैकी चौदा? माझा एक मार्क कुठं गेला?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून जुईलीने सराव परीक्षेचा पेपर नाचवत स्टाफरूमच्या दारातूनच विचारलं. मागे दोघी खिदळत होत्या. बारावीत आल्यापासून तिला कुणाची भीती म्हणून राहिली नव्हती.

कुलथे मॅडमनी चष्मा काढला. "शेवट घाईत उरकलास. पण बाळा, तुझे बाबा गेलेत हे मला माहीतच नव्हतं गं. माझेही दिवाळीत गेले. तुझा निबंध मी दोनदा वाचला. काही लागलं तर सरळ घरी ये."

जुईलीने नाचवत असलेला पेपर खाली घेतला. क्लासच्या सरांनी निबंधाचा साचा दिला होता : सुरुवातीला वडिलांचा मृत्यू, मध्ये तीन आठवणी, शेवटी निर्धार, कुठल्याही विषयाला जोडता येतो. उजळणीत तिने तो घोकून पाठ केला होता आणि पेपरात तसाच उतरवला होता. "हो मॅडम," एवढंच पुटपुटून ती निघाली.

रात्री जेवताना बाबांनी तिसरी भाकरी मागितली आणि जुईलीने हातातला घास ताटात ठेवला. तिने सगळं सांगून टाकलं.

"चौदा मार्कांसाठी मारलंस होय मला!" बाबा हसले.

आई हसली नाही. "आणि त्या मॅडमचं काय?"

बाबांचंही हसू मावळलं. "उद्या मी येतो बरोबर."

"नको बाबा. मी एकटीच जाणार. खोटं लिहिलं म्हणून सांगणार, आणि निबंधाचे सगळे मार्क कापायला लावणार."