सहीची चौकट

माझी शिवकन्या हरवून दीड वरीस झालं. हिंगोलीतली एक संस्था हरवलेल्या पोरी शोधती. ठाण्यातून तिचा फोटो आन् खुणा संस्थेला द्या, एवढंच मी दर सोमवारी जमादाराला सांगून राहिले.

"मावशी, पोरगी सज्ञान आहे. तिच्या सहीशिवाय माहिती बाहेर देता येत न्हाई. नियम आहे."

"आरं, सही करायला ती घरी असती तर मी तुमच्या दारात काहून आले असते?"

त्याला लाज न्हाई. दर खेपेला कपाटाचं कुलूप काढतो, तिची फाईल उघडतो आन् संमतीच्या कागदावरची सहीची रिकामी चौकट माझ्यापुढं नाचवतो.

मागच्या सोमवारी त्या चौकटीत हळदीचं बोट उमटलं होतं.

"जेवून हात धूत जा," मी म्हणले.

"गेल्या सोमवारपासून कपाट बंदच होतं, मी फाईलला हातच लावला न्हाई," तो म्हणला.

शिवकन्या गेली तवा आमच्या गावात, कुरुंद्यात, हळद शिजत होती. तिचे हात कोपरापर्यंत पिवळे होते.

आज त्यानं फाईल उघडली. चौकटीत सही होती. तिचीच. नावाखाली दोन टिंबं द्यायची तिची शाळेपासूनची खोड. मी बोट लावलं. शाई ओली होती.

"झाली ना सही? आता तरी द्या!" मी ओरडले.

त्यानं कागद माझ्याकडं फिरवला. संमतीची छापील ओळ खोडलेली होती. 'माझी माहिती कोणालाही देऊ नये' ही ओळ तेवढी ठेवली होती.

त्याखाली आमच्या डोळ्यांदेखत तिचं अक्षर उमटून राहिलं होतं: 'आईलाही न्हाई.'