पाचवी काठी

बिरूनं पाच काठ्या बांधावर ओळीनं मांडल्या आणि तो कमलबाईला म्हणाला, "घ्या माय, निवडा. बोरीच्या हायत. राखंत शेकून वाकवल्यात. मोडायच्या न्हाईत."

कमलबाईच्या मोकळ्या वावरात बिरूची मेंढरं खतासाठी बसली होती. अजून चरायला निघायची होती. इकडं शाळेत मोठे साहेब मुआयन्याला, म्हणजे शाळा तपासायला येणार, म्हणून मास्तर उद्या हाकीच्या खेळासाठी पोरं निवडणार होते. हैदराबादेहून आलेल्या काठ्या वरच्या वर्गाला. धाकट्यांनी आपापल्या आणायच्या. आठ दिवस झाले, चंद्रभाननं काठीचा धोशा लावला होता. म्हणून कमलबाई सकाळीच लेकाला घेऊन वावरात आली होती.

तिनं एकेका काठीवरून तळहात फिरवला. कुठं हाताला टोचणारी फास तर राहिली नाही ना? मग काठी चंद्रभानच्या कमरेला लावून उंची पाहिली. पुन्हा खाली ठेवली, दुसरी उचलली.

"नवरदेव बघायलाव का माय? काठी हाय ती," बिरू हसला.

तीही हसली. मग पाचव्या काठीशी तिचा हात थांबला. बाकीच्या चारींचं वाकडं टोक एका अंगानं तासून सपाट केलेलं होतं. हिचं बरोबर विरुद्ध अंगानं.

"मामा, ही उलटी झाली की."

"उलटी न्हाई, माय. तीच ह्याची हाय. डावऱ्या हाताची. बाकीच्या चार म्हंजी तुमाला निवडल्यासारखं वाटावं म्हनून."

"मी डावरा नाही!" चंद्रभान एकदम ओरडला. जवळची दोन मेंढरं दचकून उठली.

"आरं, परवा त्या बोरीखाली कोन हुतं मग?" बिरू कौतुकानं सांगू लागला. "लय नेम हाय माय पोराचा. डाव्या हातानं सात दगडं मारली, सात डाव बोरं पाडली. एक दगड वाया न्हाई. तवाच म्या मनात म्हनलं, ह्याला काठी वायली करावी लागतीया."

चंद्रभानचा चेहरा उतरला. तो बिरूकडं नाही, आईकडं बघत होता.

"मामा खोटं बोलायलेत, आई. दुसरा कुणी असंल."

दोन वर्षं कमलबाईनं, तो पंगतीला बसताना, लुगड्याच्या काठाची चिंधी करून त्याचा डावा हात पाटाला बांधला होता. डाव्या हातानं जेवणारं लेकरू घरात नको, असं सासूबाई म्हणाल्या होत्या. गाठ मात्र रोज तिनंच मारली होती. चांगली पुस्तकं वाचलेल्या बाईनं. चिंधी सुटून सहा महिने झाले होते, आणि लेकरू सुधारलं असं ती माहेरच्या पत्रात लिहूनही बसली होती. तो घरापासून कोसभर लांब येऊन, कुणी नाही असं बघून, बोरं पाडत होता हे तिला आज कळत होतं. सातातली सात.

"मास्तरांना चालंल का अशी काठी?" तिनं उगीच विचारलं.

"चेंडूला चालल्यावर मास्तरला काय हुतंय?"

तिनं पाचवी काठी उचलून लेकापुढं धरली. "घे. हीच घे. जसं येईल तसं धर."

चंद्रभाननं काठीकडं पाहिलं, मग तिच्या तोंडाकडं. कपाळापासून हनुवटीपर्यंत नीट पाहिलं. हळूहळू त्याच्या ओठांवर शहाणं हसू आलं.

"तू बघायलीस ना, मी फसतो का ते?"

"नाही रे राजा. खरंच सांगायलेय."

"आजी ओरडंल."

"आजीला मी सांगते."

त्याचा डावा हात उठला. काठीपासून चार बोटांवर आला. तिथंच थांबला, मागं फिरला आणि पाठीशी गेला. चंद्रभान वाकला आणि ओळीतली पहिली काठी त्यानं उजव्या हातानं उचलली.

"मी नाही विसरलो, आई."

बिरूनं चिंध्यांचा चेंडू टाकला. "हान बघू. आरं, दोन्ही हातानं धर!"

चंद्रभाननं एकट्या उजव्या हातानं काठी फिरवली. माती उडाली. चेंडू होता तिथंच होता. बिरूनं तो उचलून पुन्हा टाकला. या वेळी काठी चेंडूवरून गेली आणि पोर स्वतःभोवती गरकन फिरलं. डावा हात पाठीशीच होता. कुणी धरून ठेवावा तसा.

बिरूचं हसू विरलं. तो पुढं आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "माय, आजून एक डाव सांगा की त्याला."

तिनं तोंड उघडलं. पण 'हा हात नाही, तो' हे दोन वर्षं तिनं याच आवाजात सांगितलं होतं. इतक्याच मायेनं. दुसरा आवाज ती कुठून आणणार होती?

"हान, लेकरा," बिरू म्हणाला.

तिसऱ्या वेळी काठीचं टोक चेंडूला कसंबसं लागलं. चेंडू तिरका गेला आणि मेंढरांच्या पायात कुठंतरी दिसेनासा झाला.

कुठं गेला ते चंद्रभाननं पाहिलंच नाही. तो आईकडं बघत होता, ती शाब्बास कधी म्हणते याची वाट बघत.