एका गॅलनात ठाणं

मुंब्र्याच्या चढावर लॉरी धापा टाकू लागली, तसं हरिहरपंतांनी शेजारी बसलेल्या मेहुण्याकडे हळूच पाहिलं. आनंदराव रिकामा डबा मांडीवर घेऊन बसले होते. कल्याणला त्यांनी स्वतःच्या हातांनी त्यातून एक गॅलन पेट्रोल टाकीत ओतलं होतं. तेवढ्यात ठाणं गाठलं, तर दुसऱ्या लॉरीत ते भागीदार होणार होते. नाही गाठलं, तर बहिणीच्या नवऱ्याचं डोकं फिरलंय हे त्यांचं जुनं मत कायम राहणार होतं.

“पुरणार म्हणजे पुरणार,” पंत म्हणाले.

लढाईतून मोडीत निघालेली ही लॉरी पूर्वी पेट्रोल नुसती ढोसायची. म्हणून पंतांनी कार्बुरेटरचं भोक बारीक करून घेतलं. तेव्हापासून तिची भूक गेली, आणि भुकेबरोबर ताकदही गेली. सपाटीवर ती शहाण्यासारखी चाले, चढ दिसला की रुसून बसे.

आताही बसलीच. ड्रायव्हर भिवाजीने मागे वळून रोजची हाक दिली, “उतरा गं बायांनो!”

माशांच्या पाट्या वर ठेवून कोळणी खाली उतरल्या. ऊन तापायच्या आत ठाण्याचा बाजार गाठायचा, तेव्हा हुज्जत घालायला वेळ कुणाला होता! फक्त आवडाबाई पदर खोचत खिडकीशी आली.

“पंत, तुमची गारी पेट्रोल खात नाय, आमाला खाते.”

आनंदराव मिशीत हसले. पंतांना ते चांगलंच झोंबलं. ते तडक खाली उतरले, धोतर वर खोचलं आणि कोळणींच्या रांगेत खांदा लावून उभे राहिले. मालकाला गाडी ढकलताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं. बायकांना इतकं हसू आलं की पहिल्या रेट्याला लॉरी हललीच नाही. दुसऱ्या रेट्याला मात्र हलली, रखडत रखडत माथ्यावर पोचली, आणि भिवाजीने लगेच इंजिन बंद केलं. पुढे उतार होता. उतारावर पेट्रोल जाळणं पंतांच्या लेखी पाप होतं, आणि मिळालेला वेग मोडणं त्याहून मोठं पाप.

कोळणींना सगळं सवयीचं होतं. पळता पळता एकेकीने फळी धरली, वर चढलेलीने खालचीला ओढून घेतलं. पंत मागे राहिले. एका हातात सुटलेलं धोतर, दुसरा हात हवेत.

“अरे भिवाजी, थांब! मी राहिलो!”

भिवाजीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “तुम्हीच सांगितलंय ना पंत, उतारावर थांबायचं नाय म्हणून! गॅलन पुरायचं नाय!”

दुसऱ्या खिडकीतून आनंदराव डोकावले. “बोला भावोजी, थांबवायची का?”

पंत लॉरीमागे धावले. क्षणभरच.

“नको!” ते ओरडले. “जाऊ दे! जाऊ दे तशीच!”

मागच्या फळीवरून आवडाबाईने हात हलवला. “बरा झाला पंत! तवरा वजन कमी झाला!”

बायका खदखदून हसल्या आणि लॉरी वळणाआड गेली. डोक्यावर ऊन, पायाखाली फुफाटा, आणि ठाणं अजून कितीतरी लांब. पंत धोतर सावरत रस्त्याच्या मधोमध उभे होते. पण त्यांचा चेहरा एकदम उजळला.

वजनाचं हे त्यांना आजवर सुचलं कसं नव्हतं?