गोठ्यातलं रिकामं गवत

नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यात गाय होती, गाढव होतं, मरिया-योसेफही हात जोडून तयार होते. नव्हता तो फक्त बाळ येशू! ‘बाळाला चोवीस तारखेच्या प्रार्थनेलाच ठेवायचं’ म्हणून आईने ती मूर्ती तोवर अगदी सुरक्षित जागी लपवली होती. ती जागाच आता आईला आठवत नव्हती.

सगळ्या घराने कपाटं उपसली. जोविटा तेवढी पलंगाखाली उगाचच शोधत होती, कारण बाळ कुठे आहे ते फक्त तिलाच ठाऊक होतं. पण सांगायचं कोणत्या तोंडाने? त्याच तोंडाने तर सगळा घोळ घातला होता!

“माझ्या आईची आठवण होती गं ती,” म्हणत आईने डोळ्यांना पदर लावला, तशी जोविटा विरघळली.

“करंज्यांच्या डब्यात आहे. तळाशी.”

आईचे डोळे क्षणात कोरडे झाले. “चाळीस करंज्यांच्या खालचं तुला कसं गं दिसलं?”

जोविटाने डबा उघडला. आत बाळ येशू हात पसरून हसत होता आणि शेजारी एकच करंजी.

“राहू दे, सूनबाई,” आजोबा बाळाच्या पोटावरचं खोबरं झटकत म्हणाले. “तो पाप्यांसाठीच आलाय. बघ, आल्या आल्या पहिली सापडली!”