शंभराच्या पुढचं वजन

लेक दुपारी उठून बाहेर आली तेव्हा आई जेवणाच्या टेबलावर तिचंच पुस्तक उघडून बसली होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात पेन्सिल.

"प्रोग्रामच्या एका तुकड्याने एका वेळी एकच काम करावं म्हणे," आई म्हणाली. "तुझ्या बाबांसारखं."

"तेवढं तरी करतो मी," वडील वर्तमानपत्राआडून म्हणाले.

लेक हसली नाही. तिने पेला भरून घेतला आणि पाणी न पिताच ओट्यावर ठेवून दिला. कामावरून घरी बसवल्यापासून तिचं हे असंच चाललं होतं. रडणं नाही, चिडणं नाही. विचारलं तर उत्तर द्यायची, वाढलं तर जेवायची.

तिची कंपनी रुग्णालयांसाठी पंप बनवायची. रुग्णाचं वजन घातलं की पंप औषधाची मात्रा आपली आपण ठरवायचा आणि नळीतून सोडायचा. एका रुग्णाचं वजन एकशे चार किलो होतं. पंपाने ते चार धरलं. शाळेत चित्रकला शिकवणारा, हसरा माणूस होता म्हणतात. औषध जवळजवळ पोचलंच नाही आणि तो गेला. हिशोब चुकवणारा तो तुकडा कोणी लिहिला, असं चौकशी समितीने विचारलं, तेव्हा लेकीने सांगितलं, मी. सोमवारी त्या जबाबावर सही व्हायची होती. सही झाली की नोकरी जाणार हे नक्की होतं, आणि वकील म्हणत होते की पुढे तुरुंगही टळेल असं नाही.

आईला हे काही केल्या पटत नव्हतं. बाहुलीचे कपडेसुद्धा घड्या घालून ठेवणारी पोर ही. पण पटत नाही एवढ्यावर कोण ऐकून घेणार? म्हणून तिने लेकीच्या कपाटातली पुस्तकं काढली. ज्यांवरून लेक हे काम शिकली होती, तीच. अगदीच अनोळखी प्रांत नव्हता तो. संसारात पडण्याआधी आणि नंतरही थोडे दिवस आईने संगणकावर नोकरी केली होती. तेव्हाच्या भाषा आता कोणी विचारत नव्हतं, पण डोकं जागेवर होतं.

पुस्तकांशी तिचं बरं जमलं. नाव असं द्या की वाचणाऱ्याला कळावं. आधी चाचणी लिहा, मग प्रोग्राम. चाचणी घ्यायची तर काठावरच्या आकड्यांची घ्या, कारण चूक काठावरच दबा धरून बसते. दुसऱ्याने पाहिल्याशिवाय काहीही पुढे पाठवू नका.

"हे बरंय," ती वडिलांना म्हणाली. "आमच्या वेळी कोण बघत होतं? साहेब विचारायचे, चालतंय ना? मग हात लावू नका."

"आपलं लग्नही त्याच नियमावर टिकलंय," वडील म्हणाले. मग लेकीच्या बंद दाराकडे पाहून त्यांनी पुन्हा वर्तमानपत्र उचललं.

पुस्तकं संपली तशी आईने लेकीचा स्वतःचा प्रोग्राम आणि समितीने पाठवलेली, त्या चुकलेल्या तुकड्याची पानं शेजारी शेजारी मांडली. सकाळभर ती तिथून हलली नाही. दूध उतू गेलं तेही वडिलांनीच पुसलं. मग ती पानं घेऊन उठली आणि दार न वाजवताच लेकीच्या खोलीत गेली.

"हे तू लिहिलेलं नाही."

लेक भिंतीकडे तोंड करून पडली होती. "मीच लिहिलंय."

"मला सांगू नकोस. तुझी पानं बघ. नुसती नावं वाचली तरी अर्थ लागतो. जागोजाग चाचण्या. शून्यासाठी वेगळी, शंभरासाठी वेगळी. आणि हे बघ. एकेका अक्षराची नावं. चाचणी औषधालासुद्धा नाही. वजनाला जागा किती, तर दोन आकड्यांची! शंभराच्या वर माणूसच नसतो असं वाटलं की काय या शहाण्याला? दोन पैशांची जागा वाचवली आणि एका भल्या माणसाचा जीव घेतला. अशांना फोडून काढलं पाहिजे."

"आई, पुरे."

"का पुरे? कोणाला पाठीशी घालतेयस?" आई पलंगाच्या कडेला बसली. आवाज खाली आणून तिने विचारलं, "प्रेमबिम आहे का त्याच्यावर?"

लेकीने भिंतीवरची नजर काढून आईकडे पाहिलं.

"आहे," ती म्हणाली.

आईला उलट हायसं वाटलं. निदान कारण तरी सापडलं. "मग त्यालाही तुझी थोडी कदर असू दे. तू तुरुंगात जाणार आणि तो मजेत फिरणार? नाव सांग त्याचं."

लेक उठून बसली. "आमच्या ऑफिसातलं कोणी नाही. जुना तुकडा आहे. एक कंपनी बुडाली, तिचे प्रोग्राम आमच्या साहेबांनी विकत घेतले. चालत होता, म्हणून नव्या भाषेत जसाच्या तसा उतरवला. कोणी उघडून पाहिला नाही. मीही नाही."

"मग झालं तर! समिती काढेल शोधून. मी स्वतः येते सोमवारी, हे सगळं त्यांच्यापुढे मांडते. कितीही म्हातारा झाला असला तरी त्या माणसाला घरातून ओढून आणायला लावते."

"माणूस नाही, बाई होती," लेक म्हणाली. "जुन्या प्रतीवर तिचं नाव मी पाहिलंय. हे लिहिलं तेव्हा मी तिच्या पोटात होते."