मँटिस कोळंबीची नजर

डॅडींना माती दिल्यापासून त्यांच्या मँटिस कोळंबीने काही खाल्लं नव्हतं. शर्लिन रोज काचेच्या टाकीत जिवंत शिंपली सोडायची. डॅडींनी दिलेली शिंपली कोळंबी एका ठोशात फोडायची. आता मात्र बिळातून नुसती बघत बसायची. हीसुद्धा गेली, तर त्यांच्या हातचं जिवंत असं घरात काहीच उरणार नव्हतं.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून आगाशीचा ब्रायन आला. त्यालाही डॅडींसारखाच टाक्यांचा नाद होता.

"कात टाकायची असली की खात नाय," तो वाकून म्हणाला. "पन ही तर ठणठणीत दिसते. बघ, एक डोला माज्यावर, एक तुज्यावर. तुज्या डॅडीसारखीच संशयी!"

शर्लिनला कितीतरी दिवसांनी हसू आलं.

तेवढ्यात कोळंबीचे दोन्ही डोळे एकदम दाराकडे वळले. तिथून ते सावकाश, चालत येणाऱ्या माणसाच्या मागे फिरावेत तसे, कुणीच नसलेल्या वाटेवरून टाकीपर्यंत आले.

ब्रायन नकळत बाजूला सरकला.

कोळंबी बिळाबाहेर आली आणि त्या मोकळ्या जागेसमोर, काचेला टेकून, वर बघत थांबली.

शर्लिनने नवी शिंपली तळहातावर घेतली आणि हात हळूच त्या मोकळ्या जागेकडे पुढे केला.