टाकीवरची पाटी

आठवं पिल्लू सकाळी सातला गेलं. सलिलने ते गोणपाटात गुंडाळलं आणि फोन लावला. दूध तोडलेली चोवीस डुकराची पिल्लं होती, आता सोळा उरली. त्यांतली पाच हगवणीने गळून भिंतीला टेकली होती. ही खेप हातची गेली तर हडपसरपलीकडची ही शेड बंद करायची, असं त्याने नारायण पेठेत वडिलांना कबूल केलं होतं.

"डॉक्टर, तुमच्या पाकिटावर लिहिलंय, कोट्यवधी जिवंत जंतू," तो म्हणाला. "आतड्याला चांगले, वाढीला चांगले. दहा दिवस पाण्यातून देतोय. आमच्याकडे जिवंत काहीच राहत नाहीये."

औषध कंपनीचा डॉक्टर शांतपणे एकेक विचारत होता. पाकीट उन्हात ठेवलं होतं का? नाही. पाणी गरम होतं का? नाही. टाकीत पाणी शुद्ध करायला टीसीएल पावडर वगैरे?

"अहो, मी काय खुळा वाटलो का तुम्हाला? टीसीएलने जंतू मरतात हे मला कळत नाही?"

बोलता बोलता त्याच्या नाकात उग्र वास शिरला. टाकीजवळ शेडवर कामाला असलेल्या वेणूबाई बादलीत पांढरी पावडर कालवत होत्या. शेजारी औषधाचं पाकीट कापून तयार होतं. सलिलने न सांगताच फोन बंद केला.

"वेणूबाई, हे काय चाललंय?"

"टीसीएल. रोजचंच हाय."

"रोजचं? आणि ते पाकीट?"

"ते आठ वाजता. पाटीवर हाय की."

पाटी टाकीवरच होती, सलिलच्याच सुबक अक्षरात. टँकरचं पाणी गढूळ यायला लागलं तेव्हा त्याने पहिली ओळ लिहिली होती: साडेसात वाजता टीसीएल. पाकिटं आली तेव्हा वरचं न वाचताच खाली दुसरी लिहिली: आठ वाजता औषध. आणि सगळ्यांत खाली तांबड्या रंगात, पेठेतल्या माणसाला शोभेल अशी तिसरी: 'पाटी वाचूनही शंका उरल्यास दोष पाटीचा नाही. विचारू नये.' या ओळीचा फोटो त्याने कौतुकाने मित्रांना पाठवला होता.

"अहो, आधी जंतू मारायचे आणि अर्ध्या तासाने जंतू सोडायचे, हे तुम्हाला विचित्र नाही वाटलं?" तो ओरडलाच.

"वाटलं की. पहिल्याच दिवशी." वेणूबाईंनी बादली खाली ठेवली. "इचारायला आले, तर तुमी बोट दावलं."

बोट पाटीकडेच दाखवलं होतं. तेही त्याला आठवलं. राग काढायला आता समोर कुणी उरलं नव्हतं. त्याने रुमाल ओला केला आणि तिसरी ओळ खसाखसा पुसायला घेतली. ऑइलपेंट होता, निघेना. मग तो नखाने खरवडू लागला.

वेणूबाई जवळ आल्या.

"साहेब, आता इचारलं तर चालंल?"

"विचारा हो, काय विचारायचं ते विचारा."

"आणखी एक राहिलंय, आठ दिवसांपासनं," त्या म्हणाल्या. "पाण्याचं न्हाय. खाद्याचं हाय."